घरची म्हणून नोंद

दिनांक १७ मार्च १९८६, सोमवार, दुपारचे सव्वादोन. स्थळ लातूर, गुरुपादप्पा यांची डाळमिल. त्या वेळी एका सरकारी निरीक्षकाने आपल्या तपासणी अहवालात सातव्या क्रमांकावर पुढील ओळ लिहिली: 'चांगुणा लिंबाजी सरवदे, वय अंदाजे पंचेचाळीस, आवारातच वास्तव्य, मालकाच्या घरची, कामगार नव्हे.' या ओळीतले नाव बरोबर होते. वयाचा अंदाज बरोबर होता. पत्ताही बरोबर होता. शेवटचे चार शब्द तेवढे खोटे होते आणि ते खोटे कोणी ठरवून सांगितलेले नव्हते. ज्या बाईचे त्या शब्दांनी वाटोळे झाले, तिच्याच तोंडून ते निघाले होते. ही ओळ आजतागायत खोडली गेलेली नाही, म्हणून ती इथे तारीखवार लिहून ठेवली आहे.

चांगुणाबाई मूळची रेणापूरजवळच्या एका लहान गावची. बहात्तरच्या दुष्काळात गाव ओस पडले तेव्हा नवरा लिंबाजी आणि चार वर्षांची पंचशीला यांना घेऊन ती लातूरच्या वाटेवर खडी फोडायला आली. लिंबाजीची छाती त्या धुळीने भरली आणि पुढची दोन वर्षे तो नुसता खोकत राहिला. तो गेला तेव्हा मुलीचा हात धरून चांगुणाबाई गुरुपादप्पांच्या, म्हणजे सगळे ज्यांना आप्पा म्हणत त्यांच्या, मिलच्या दारात उभी राहिली. लातूर तेव्हा जिल्हा नव्हते. धान्याच्या व्यापाराचे गाव होते आणि डाळीच्या गिरण्यांचा भुसा सगळ्या गावाच्या केसांवर बसलेला असायचा.

पहिली दोन वर्षे ती इतर बायांसारखी डाळ निवडत होती. मग एक गोष्ट आप्पांच्या ध्यानात आली. तुरीला तेलपाण्याचा हात देऊन ती ओट्यावर उन्हात वाळत घालतात. ती नेमकी कधी यंत्रात सोडायची, यावर सगळा धंदा अवलंबून असतो. ओलसर सोडली तर दाणा चेपतो, फार कडक झाली तर निम्मी डाळ तुकडे होऊन चुरीत जाते. चांगुणाबाई ओट्याच्या कडेला उकिडवी बसायची, मूठभर तूर घ्यायची आणि त्यातला एक दाणा पुढच्या दाताखाली धरून फोडायची. आवाज कोरडा आणि एकच आला, की ती हात वर करायची. तिचा अंदाज चुकलेला कोणाला आठवत नाही. नऊ वर्षे तूर फोडून तिचा डावीकडचा पुढचा दात झिजून निम्मा झाला होता.

रोज सकाळी आप्पा ओट्यापाशी यायचे आणि विचारायचे, "चांगुणे, दात काय म्हणतो?"

"आज जरा आडवंच बोलून राहिला, आप्पा. घंटाभर थांबा."

हा दोघांचा ठरलेला विनोद होता. मशीनवाले, हमाल, निवडणाऱ्या बाया, सगळे त्यावर हसायचे. सरकारी दरपत्रकात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी कामगारांची वर्गवारी असते. त्या मिलमध्ये जर कोणी कुशल असेल तर ती चांगुणाबाई होती. पण मिलमध्ये कुशल हा शब्द यंत्राला तेल घालणाऱ्यासाठी राखून ठेवलेला होता. दाताला वर्ग नव्हता.

आप्पा वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाविरुद्धची तक्रार लिहायला सोपी असते. आप्पांनी चांगुणाबाईला गेटजवळची पत्र्याची खोली राहायला दिली होती आणि भाडे घेतले नव्हते. पंचशीलेची शाळेची पुस्तके त्यांनी दरवर्षी आणून दिली. ती बारावी पास होऊन नांदेडला अध्यापक विद्यालयात लागली तेव्हा त्यांनीच तिला बसमध्ये बसवून दिले आणि हातावर खाऊचे पैसे ठेवले. त्या खोलीच्या बदल्यात रात्रीची राखण चांगुणाबाईकडे आली होती. राखणीचा वेगळा मोबदला असतो हे तिला माहीत नव्हते आणि आप्पांना आठवत नव्हते.

मिलच्या मागच्या अंगाला आप्पांचे घर होते. चांगुणाबाई तिथे दिवसातून दहा वेळा जायची. अंगण झाडायची, डाळीचे वाण दाखवायची, आप्पांच्या पत्नी महादेवी यांना पापडाचे पीठ कुटून द्यायची. त्यांना ती अक्का म्हणे. घराच्या बाहेरच्या भिंतीवर वळचणीखाली एक खिळा होता आणि त्या खिळ्याला जर्मनचा, म्हणजे अल्युमिनियमचा, एक तांब्या टांगलेला होता. तो चांगुणाबाईचा. तहान लागली की तिने तो काढून पायरीशी ठेवायचा आणि अक्कांनी वरून पाणी ओतायचे. सणाला पोळी यायची ती पानावर, पायरीच्या खालच्या दगडावर. छप्पन्न साली तिच्या वडिलांनी धर्म बदलला होता, घरातले जुने देव नदीत सोडले होते. खिळ्यावरचा तांब्या मात्र कोणी सोडायला सांगितला नव्हता आणि तिनेही त्यावर कधी तोंड उघडले नव्हते.

एवढे असून त्या घरात तिच्यासाठी एक शब्द होता, आणि तो शब्द तिला फार प्रिय होता. मजुरी वाढवण्याची गोष्ट निघाली आणि बाया आप्पांच्या बैठकीपुढे जमल्या, की आप्पा तिला बाजूला घेत आणि म्हणत, "तू त्यांच्यात कुठं उभी राहून राहिलीस? त्या कामाला येतात. तू घरची." मग ती ओशाळून मागे सरायची. इतरांना चार-दोन आणे वाढायचे आणि घरची म्हणून तिचे राहून जायचे. एखाद्याला पगाराऐवजी नाते देणे हे फार स्वस्त पडते. आप्पांनी हा हिशेब कधी डोक्यात केला असेल असे नाही. तसा हिशेब करावा लागत नाही, तो त्या शब्दातच केलेला असतो.

१९८२ साली लातूर जिल्हा झाला. दिवाळी असल्यासारखे गंजगोलाईच्या बाजारपेठेत दिवे लागले. मग हळूहळू एकेक कचेरी आली, भाड्याच्या इमारतींवर पाट्या लागल्या, जीप आल्या. पूर्वी मजुरी तपासणारा अधिकारी दूरहून दोन वर्षांतून एकदा यायचा आणि तो निघाल्याची खबर त्याच्या आधी पोचायची. आता तो दोन गल्ल्या पलीकडे बसू लागला. डाळमिल, तेलगिरण्या, विडी कारखाने यांसाठी किमान वेतनाचे दरपत्रक भिंतींवर चिकटले आणि ज्यांना वाचता येत होते त्यांनी ते ज्यांना येत नव्हते त्यांना वाचून दाखवले.

पण त्याच वर्षांत पावसाने तोंड फिरवले. पंच्याऐंशी साली तुरीच्या शेंगा दाणा भरण्याआधीच वाळल्या. मिलपुढे गाड्या यायच्या बंद झाल्या आणि माणसे यायला लागली. औशाकडून, मुरुडकडून, चाकूरकडून आलेल्या बाया तांबडे फुटायच्या आत गेटपाशी बसलेल्या असत. त्यांच्यापैकी कोणी सरकारी दर विचारत नव्हते. काम आहे का एवढेच विचारत, आणि आप्पांनी नुसती मान हलवली तरी दर आणखी खाली सांगत. कायदा ज्यांच्यासाठी केला होता त्यांनाच तो परवडत नव्हता.

मालकांचीही बैठक झाली. बड्या गिरणीवाल्यांना चिंता नव्हती. त्यांच्याकडे हजेरीपट एक आणि वाटप एक, असे दोन कागद होते आणि दोन्ही सांभाळायला माणसे होती. आप्पांची मिल लहान. एक यंत्र, दोन मशीनवाले, तीन हमाल, मुनीम रेवणसिद्ध, आणि निवडायला चांगुणाबाई धरून बारा बाया. आप्पांनी बैठकीत उठून विचारले, की हा दर दिला तर माझी मिल सहा महिन्यांत बसते आणि न दिला तर खटला होतो, तेव्हा मी काय करावे. एका वयस्क व्यापाऱ्याने त्यांना हसत सल्ला दिला, की बाया ठेवाव्यात पण हजेरीपटावर ठेवू नयेत. आप्पांनी तो सल्ला घेतला. घेताना त्यांना बरे वाटले नाही, असे ते पुढे अनेकांना सांगत. बरे न वाटण्याला काही खर्च येत नाही.

बारा बायांमध्ये जन्नतबी म्हणून एक होती. नवरा टांगा हाकायचा, टांगे बंद पडल्यावर तो घरी बसला होता. जिभेची तिखट आणि डोक्याची तल्लख. फेब्रुवारीत तिने एका ओळखीच्या लेखनिकाकडून अर्ज लिहवून घेतला: आम्ही बारा बाया अमुक मिलमध्ये रोज नऊ तास डाळ निवडतो, आमची नावे कुठेही नाहीत, येऊन बघावे. खाली सही केली नाही. चांगुणाबाईला सांगितले नाही, कारण ती घरची.

निरीक्षक आला तो या अर्जावरून. तरुण होता, नवीन होता, पुणेरी बोलायचा, आणि त्याच्याविषयी एवढे म्हणायला हवे की तो चहा न पिता आला आणि चहा न पिता गेला. जीप गल्लीच्या तोंडाशी दिसताच रेवणसिद्धाने अकरा बायांना मागच्या दाराने बाहेर काढले. बारावीला काढले नाही. ओट्यावर तीस पोती तूर पसरलेली होती, ऊन उतरायला लागले होते, आणि दात उठवला तर माल कोण बघणार? रेवणसिद्ध घाईत होता. तो एवढेच म्हणाला, "साहेबानं काय इचारलं तर नीट बोल."

नीट बोल याचा अर्थ चांगुणाबाईला ठाऊक होता. परक्या माणसासमोर घराची इज्जत सांभाळायची.

निरीक्षकाने आत सहा माणसे मोजली, त्यांची नावे घेतली, मग ओट्याकडे आला. उकिडवी बसलेली, तोंडात तुरीचा दाणा धरलेली ही बाई पाहून तो थांबला.

"बाई, तुम्ही इथं कामाला आहात का?"

याचे उत्तर एका अक्षराचे होते. ते उत्तर आले असते तर पुढचा प्रश्न आला असता, किती बाया, किती तास, किती मजुरी. त्या एका अक्षरावर बारा बायांचे वर्ष टांगलेले होते. पण चांगुणाबाईच्या कानाला 'कामाला' हा शब्द वेगळा लागला. अकरा वर्षे आप्पांनी तिला सांगितले होते की कामाला येतात त्या वेगळ्या. परक्या साहेबापुढे आपण कामाला आहोत म्हणणे म्हणजे आप्पांनी दिलेला मान त्यांच्याच अंगणात खाली टाकणे. तिने दाणा थुंकला, पदर सारखा केला आणि अदबीने सांगितले:

"कामाला कशाला, साहेब? मी घरचीच हाय."

"राहता कुठे?"

"हितंच. आप्पाच्याच आसऱ्यानं."

निरीक्षकाने लिहून घेतले. सही करता येते का विचारले. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही तिने मोठ्या अक्षरांत केली, 'चांगुणा'तला णा थोडा लांबला, आणि तिला त्याचा अभिमानही वाटला. मग ती पुन्हा दाणे फोडायला बसली. त्या दिवशीची डाळ फार चांगली उतरली.

संध्याकाळी रेवणसिद्धाने सगळ्यांदेखत सांगितले की चांगुणाने मिल वाचवली. आप्पांनी तिला चोळीचा खण दिला. दुसऱ्या दिवशी बाया कामावर आल्या तेव्हा त्यांना सगळे कळलेले होते. कोणी तिच्याशी बोलले नाही. दुपारी भाकरी सोडताना जन्नतबी तिच्यासमोर येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "तू घरची हाईस, चांगुणा, बरं झालं. आम्हाला कळलं तरी. मग आम्ही कोन? दारच्या?"

चांगुणाबाई म्हणाली की तिला ठाऊक नव्हते. जन्नतबी म्हणाली, ठाऊक असते तर तू दुसरे काय बोलली असतीस? या प्रश्नाचे उत्तर चांगुणाबाईने त्या दिवशी दिले नाही. ते उत्तर द्यायला तिला वर्ष लागले.

भीमजयंतीला पंचशीला नांदेडहून आली. मिरवणुकीचा गलका चालू असताना मायलेकी पत्र्याच्या खोलीत बसल्या होत्या. आईने सगळे सांगितले, खणही दाखवला. पंचशीला म्हणाली की तिने कॉलेजातल्या एका सरांकडून कायद्याचे पुस्तक पाहिले आहे. मालकाच्या कुटुंबातले माणूस त्याच्याजवळ राहत असेल आणि त्याच्यावरच अवलंबून असेल, तर किमान वेतनाचा कायदा त्याला लागू होत नाही.

"म्हंजे मी कागदावर आप्पाची कोन लागते?"

"ते लिहिलेलं न्हाई, माय."

"बहीन का चुलती, ते तरी लिहायचं की. खण घेऊन कोनाच्या पाया पडायचं ते कळलं असतं."

दोघी हसल्या. मग चांगुणाबाई हसायची थांबली. खण तिने घडी करून आप्पांच्या पायरीवर ठेवून दिला आणि लेकीला अर्ज लिहायला बसवले. तिला काय हवे होते हे त्या अर्जात स्पष्ट आहे. मागच्या अकरा वर्षांचे काही मागितलेले नाही. एवढेच म्हटले आहे, की माझ्याबद्दल लिहिलेला 'घरची' हा शब्द खोडून तिथे 'कामगार' असा शब्द लिहावा, म्हणजे माझ्याबरोबर निवडणाऱ्या अकरा जणींना माझी साक्ष उपयोगी पडेल. आपल्या हाताने केलेली सही तिला परत घ्यायची होती. एवढीच गोष्ट.

जिल्हा नवा झाला तरी अशा दाव्यांची सुनावणी घेणारे साहेब नांदेडला बसत. म्हणजे पहाटेची एसटी, अहमदपूर, लोहा, दिवसाची मजुरी बुडवून तारीख, आणि तारखेला पुढची तारीख. चार वेळा ती गेली. दुसऱ्या तारखेला आप्पाही वकील घेऊन आलेले होते. दुपारी तेच तिला कचेरीसमोरच्या हॉटेलात घेऊन गेले, चहा पाजला आणि म्हणाले की लोकांच्या नादी लागून तू कशाला हाल करून घेतेस. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. चहा पिऊन झाल्यावर हॉटेलवाल्याने दोघांचे ग्लास एकाच बादलीत विसळले. चांगुणाबाईने ते पाहिले. आप्पांनी पाहिले की नाही, सांगता येत नाही.

चौथ्या तारखेला साक्ष झाली. साहेबांनी निरीक्षकाचा अहवाल वाचून दाखवला आणि आप्पांना विचारले, ही बाई आपल्या कुटुंबातील आहे असे आपले म्हणणे आहे काय. वकिलाने आप्पांकडे पाहिले. ज्या माणसाने बारा वर्षांत तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता, तो माणूस क्षणभरही न थांबता म्हणाला:

"व्हय, साहेब. पहिल्यापासून घरचीच समजतो आम्ही तिला."

ते मनापासून बोलत होते. म्हणूनच ते ऐकायला फार वाईट होते.

चांगुणाबाईने विचारण्याची परवानगी मागितली. साहेबांनी थोडक्यात आटपायला सांगितले.

"आप्पा, मी घरची. मग बारा वरसांत तुमच्या माठातलं पानी मी माझ्या हातानं कधी घेतलं, तेवढं सांगा."

खोलीत पंखा फिरत होता. आप्पांनी खाली पाहिले आणि म्हणाले, तशी वेळच आली नाही. साहेब म्हणाले, पाण्याचा मुद्दा या दाव्यात येत नाही. लेखनिकाने तो प्रश्न लिहिला नाही, उत्तरही लिहिले नाही. खोलीत शेवटच्या बाकावर बसलेल्या जन्नतबीने मात्र दोन्ही ऐकले, आणि बाहेर आल्यावर आपल्या पिशवीतली भाकरी तिने मोडून चांगुणाबाईपुढे धरली. वर्षापूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते.

आदेश ९ एप्रिल १९८७ चा आहे. अर्जदार प्रतिवादीच्या आवारात राहते, त्याच्यावर अवलंबून आहे आणि तो तिला कुटुंबातील मानतो. तसे तिने स्वतः निरीक्षकासमोर कबूल केले असून खाली तिची सही आहे. सबब ती कामगार ठरत नाही. अन्य अकरा महिला कामावर असल्याचा पुरावा आढळत नाही. अर्ज निकाली. पंचशीलेने नक्कल मिळवली आणि लातूरच्या एसटी स्टँडवर उभी राहून आईला वाचून दाखवली. चांगुणाबाईने 'कुटुंबातील' हा शब्द कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितले. मग कागदाची घडी पदरात बांधली आणि म्हणाली, "आता सरकारनंच ठरवून दिलंय तर जाऊन बघते."

त्या उन्हाळ्यात लातूरला टँकर चार-चार दिवसांनी यायचा. नळाला हवा यायची. गल्लीत एका घागरीवरून बायांची डोकी फुटली होती. चांगुणाबाई दुपारी आप्पांच्या घरी गेली. खिळ्यावरच्या तांब्याला तिने हात लावला नाही. चपला पायरीशी काढल्या, उंबरा ओलांडला, स्वयंपाकघरात गेली, माठाशेजारच्या तांब्याच्या घागरीवरचे झाकण काढले आणि वाटीने पाणी घेऊन उभ्याउभ्या प्यायली. अक्का चुलीपुढे होत्या. त्या ओरडल्या नाहीत. फक्त मागे सरून भिंतीला टेकल्या.

"अक्का, भ्यू नका. मी घरची हाय. कागद हाय माझ्याजवळ."

वाटी जागेवर ठेवून ती बाहेर आली आणि ओट्यापाशी जाऊन बसली. थोड्या वेळाने तिला आवाज ऐकू आला. अक्का ती घागर मोरीत ओतत होत्या. भरलेली घागर होती. मग माठ ओतला. पाणी मोरीतून वाहत आले, अंगणातल्या धुळीत दोन हात पुढे सरकले आणि जिरून गेले. मिलमधल्या बाया ते बघत होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणी त्या सकाळी पाण्यावाचून कामावर आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रेवणसिद्धाने पत्र्याच्या खोलीतले तिचे गाठोडे गेटबाहेर आणून ठेवले. पंचशीलेने सांगून ठेवले होते, त्याप्रमाणे चांगुणाबाईने विचारले की काढून टाकताना नोटीस द्यावी लागते, ती कुठे आहे. रेवणसिद्ध टोमणा मारणारा माणूस नव्हता. त्याला आप्पांनी आणि आप्पांना वकिलांनी जे सांगितले तेच तो म्हणाला: "नोटीस कामगाराला असती, मावशे. घरच्याला कशाची नोटीस?"

ती जन्नतबीच्या गल्लीत गेली. जन्नतबीने आपल्या खोलीत पडदा लावून तिला अर्धी जागा दिली. तिथल्या माठावर एकच तांब्या होता.

पंधरा दिवसांनी रेवणसिद्ध त्या गल्लीत आला. ओट्यावर तूर होती, मशीनवाल्याने अंदाजाने सोडली आणि चाळीस पोती चेपून गेली होती. तो दारात अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा इचारून राहिले. दात काय म्हणतो?"

"त्येंना सांग," चांगुणाबाई म्हणाली, "दात घरचा हाय. घरीच राहतो."

आप्पांनी ती मिल पुढच्या वर्षी विकली. घेणारी गिरणी मोठी होती. तिथे आता दरपत्रक काचेत लावलेले आहे, हजेरीपट शाईने भरलेला आहे, बाया पूर्ण वेतनावर सह्या करतात आणि त्यातले निम्मे हातात घेऊन घरी जातात. उरलेल्या बायांसाठी हजेरीपटच ठेवावा लागू नये म्हणून मालकांनी काम त्यांच्या दारात पोचवले: पोत्यामागे ठरवलेली रक्कम, घरी बसून निवडा, पोरींनाही बसवा. तिथे निरीक्षक जात नाही, कारण ते घर आहे. कायद्याने काही बदलले नाही असे नाही. बड्या मालकाला त्याने कागद शिकवला, लहान मालकाला बाजारातून उठवले आणि बायांना मिलमधून काढून पुन्हा चुलीपाशी बसवले. जन्नतबी आणि चांगुणाबाई एकाच सुपात तीच डाळ निवडतात. आप्पा आता नातवाच्या दुकानात बसतात आणि ओळखीचे कोणी भेटले की सांगतात, की चांगुणेला मी कधी परकी मानली नाही. पंचशीला देवणीकडे शिक्षिका आहे. तिने अहवाल दुरुस्तीसाठी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आले, की संबंधित निरीक्षकांची बदली झाली असून नोंदीवर बाईंची स्वतःची सही आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, दुकानात, दवाखान्यात, गिरणीत अशी एक बाई आहे. तिच्याविषयी पाहुण्यांना सांगताना तुम्ही 'घरचीच आहे' असे म्हणता. मागणी एवढीच आहे. तिचे पूर्ण नाव, काम सुरू केल्याची तारीख, कामाचे तास आणि सरकारी दराइतकी मजुरी एका कागदावर लिहा, तो तिला वाचून दाखवा, आणि त्यावर तिच्या आधी तुम्ही सही करा. हे आज करा. करणार नसाल, तर तो शब्द पुन्हा तोंडातून काढू नका.